गाडी रेस देईल, पण गिअर तुम्हालाच निवडायचाय

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: तुम्ही जळगावला रोज एक साधी पेट्रोल हॅचबॅक चालवता. पुण्याच्या मामेभावाकडे जुनी मॅन्युअल निसान ३७० झेड ही स्पोर्ट्स कार आहे, ती घ्यायचं मनात आहे. तिच्या गिअर लिव्हरजवळ 'एस' लिहिलेलं एक बटण आहे. ते चालू असलं की खालचा गिअर टाकताना गाडी आपोआप रेस देते. मित्र म्हणतात, "बंद ठेव ते, नाहीतर आयुष्यात गाडी चालवायला शिकणार नाहीस." मामेभाऊ म्हणतो, त्या बटणामुळे क्लच प्लेट दुप्पट टिकते. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की असलं काही आपल्या हॅचबॅकला बाहेरून बसवता येतं का.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. धुळ्यात हायवेला लागून माझं गॅरेज आहे. सव्वीस वर्षं क्लच आणि गिअरबॉक्स हेच काम. सुरुवात ट्रक आणि काळीपिवळी जीपपासून झाली. पण मुंबई-आग्रा रस्ता दारातून जातो म्हटल्यावर इंदूरला निघालेल्या भारीतल्या गाड्याही कधीमधी रुसून आमच्याकडे येतात. एका हौशी गिऱ्हाइकाबरोबर कोइमतूरच्या करी या रेसिंग ट्रॅकवर तीन-चारदा जाऊन आलोय. मी रेसर नाही. मोडलेल्या वस्तू उघडून बघणारा माणूस आहे, तेव्हा माझं उत्तरही त्याच बाजूने येणार.

बटण चालू की बंद, हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. खालचा गिअर टाकताना हिसका का बसतो आणि तो कुणी घालवायचा, हा खरा प्रश्न आहे. तेवढं कळलं की बटणाचं आपोआप ठरतं.

हिशेब सोपा व्हावा म्हणून धरून चाला की चौथ्या गिअरचं गुणोत्तर (म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर जाणाऱ्या दांड्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) १.२, तिसऱ्याचं १.६ आणि दुसऱ्याचं २.४ आहे. गाडी चौथ्यात ३००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चाललीय. वेग तोच ठेवून तिसरा टाकला तर इंजिनाला ४००० वर यावंच लागेल. दुसरा टाकला तर ६००० वर. आता आपण करतो काय? क्लच दाबतो, पाय रेसवरून उचलतो, लिव्हर हलवतो. तेवढ्या वेळात इंजिन वर चढायच्या ऐवजी २००० पर्यंत उतरलेलं असतं. मग क्लच सोडतो. चाकांना इंजिन ४००० ला हवंय आणि ते बसलंय २००० ला. मधले दोन हजार भरणार कोण? चाकं. गाडीचा सगळा जोर मागून इंजिनाला खेचून वर नेतो, आणि तोच तो हिसका, ज्याने मागच्या सीटवरच्या वहिनींचा चहा सांडतो.

हे टाळायचे रस्ते दोनच. क्लच हळूहळू सोडायचा, म्हणजे ते दोन हजार प्लेट घासून भरायचे. किंवा क्लच दाबलेला असतानाच रेसला एक टिचकी मारून इंजिन आधीच ४००० ला आणून ठेवायचं आणि मग क्लच सोडायचा. या दुसऱ्या प्रकाराला रेव्ह मॅचिंग म्हणतात. उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या कडेने किंवा टाचेने रेसला टिचकी मारली की तेच हील-अँड-टो. ३७० झेडमध्ये ही टिचकी कॉम्प्युटर मारतो, एवढंच.

तो मारतो कशी? क्लच पेडलला सेन्सर, गिअर लिव्हर कुठल्या खाचेकडे चाललाय ते सांगणारा सेन्सर आणि गाडीचा वेग. या तीन गोष्टी मिळाल्या की वर मांडला तोच गुणाकार कॉम्प्युटर करतो आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल उघडून आरपीएम नेमका तिथे नेतो. वरचा गिअर टाकतानाही आरपीएम जुळवूनच खाली आणतो. पहिल्यांदा अशी गाडी आमच्याकडे आली तेव्हा माझा पोरगा, म्हणजे हाताखालचा, ट्रायल घेऊन आला तो चेहरा पाडूनच. "उस्ताद, गाडीमा भूत शे का? मन्हा पाय ते रेसवर नहीच!"

मॅन्युअल गिअरच्या रस्त्यावरच्या गाडीत हे भूत सगळ्यात आधी आलं ते तुम्ही घेताय त्याच गाडीत. २००८ च्या शेवटी लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात ३७० झेड दाखवली तेव्हा निसानने त्याला सिंक्रोरेव्ह मॅच असं नाव दिलं होतं. नंतर बाकीच्यांनी उचललं. शेव्हरोलेच्या २०१४ च्या कॉर्व्हेटमध्ये तर मॅन्युअल गाडी असून स्टीअरिंगमागे पॅडल आहेत. लोकांना वाटतं गिअर बदलायचे, पण ते फक्त हे रेव्ह मॅचिंग चालू-बंद करायला. होंडाच्या २०१७ च्या सिव्हिक टाइप आर मध्ये आलं, बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांत आलं. टोयोटा त्याला आयएमटी म्हणते. इथे आपल्याकडे हमखास घोळ होतो, कारण ह्युंदाईने २०२० मध्ये व्हेन्यूत आणलेलं आयएमटी ही पूर्ण वेगळी वस्तू आहे. तिथे क्लचचं पेडलच नाही, क्लच मशीन दाबते. टोयोटाच्या आयएमटीत पेडल आहे, क्लच तुम्हीच दाबता, फक्त रेस गाडी देते. नाव एक, काम दोन. जुन्या गाड्यांच्या बाजारात या नावावरून फसलेला एक माणूस माझ्या गॅरेजात बसून चहा पिऊन गेलाय.

आता मित्रांचं म्हणणं घेऊ. 'खरा ड्रायव्हर' वगैरे बाजूला ठेवा, पण त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे. ३७० झेड मागच्या चाकांवर चालते. ओल्या रस्त्यावर वळणात खालचा गिअर टाकून क्लच फटकन सोडला, तर मागची चाकं क्षणभर रस्त्यापेक्षा कमी फिरतात, म्हणजे हँडब्रेक ओढल्यासारखंच होतं. कोरड्यात नुसता हिसका, ओल्यात शेपूट बाहेर. ज्याला हे पायाने टाळता येतं त्याला गाडी जास्त कळते, यात वाद नाही.

पण ते शिकायला दीड टनाची, ७५०० आरपीएमपर्यंत जाणारी गाडी कशाला हवी? तुमच्या हॅचबॅकवर शिका. भल्या पहाटे मोकळा सरळ रस्ता बघा, मागे-पुढे कुणी नको. ब्रेक नाही, घाई नाही. चौथ्यात साधारण पन्नासचा वेग, क्लच दाबा, लिव्हर तिसऱ्यात, क्लच दाबलेलाच असताना रेसला छोटी टिचकी, आणि आवाज वर चढत असतानाच क्लच सोडा. पहिले वीस-तीस वेळा कमी-जास्त होईल. टिचकी कमी पडली तर गाडी नाक खाली घालते, जास्त झाली तर पुढे उसळते. कानाने शिका, काट्याकडे बघू नका. काट्याकडे बघणारा समोरची बैलगाडी बघत नाही. हे जमलं की मगच ब्रेक आणि टिचकी एकत्र. आणि चपला घालून नको, हे वेगळं सांगायला नको खरं तर, पण आपल्याकडे सांगावं लागतं.

एक अडचण येऊ शकते. नव्या काही गाड्यांत ब्रेक दाबलेला असताना रेस दिली तर कॉम्प्युटर रेसचं ऐकतच नाही. सुरक्षेसाठी ठेवलेली सोय आहे ती. तुमच्या गाडीत तसं असेल तर हील-अँड-टो कितीही घोटलं तरी इंजिन गप्प राहील, आणि दोष पायाचा नसेल. डिझेल गाडी असेल तर टिचकी जरा आधी आणि जरा लांब द्यावी लागते, डिझेल तेवढ्या चपळाईने वर चढत नाही.

मग ३७० झेडमध्ये बटणाचं काय? माझं मत: रस्त्यावर चालू ठेवा. दमलेले असता, फोन वाजतो, बाजूने केळीचा ट्रक कट मारतो. अशा वेळी तुमची टिचकी दहातून दोनदा चुकेल, कॉम्प्युटरची चुकणार नाही. शिकायचं असेल तेव्हा मोकळ्या जागी बंद करा. आणि ट्रॅकवर? तिथे तुमच्या शिकण्याच्या पायरीवर अवलंबून आहे. नवीन माणसाला ब्रेक नेमका कुठे आणि किती, यातच सगळं लक्ष घालायचं असतं, तिथे रेसचं ओझं गाडीने उचललेलं बरं. करी ट्रॅकवर आमचं गिऱ्हाईक पहिल्या दिवशी सगळं बंद करून निघालं. टिचकी मारायच्या नादात ब्रेकवरचा पाय दर वेळी हलका व्हायचा आणि वळण चुकायचं. दुसऱ्या दिवशी बटण चालू केलं, ब्रेक सुधारला. तिसऱ्या खेपेला बटण बंद केलं, तरी ब्रेक तसाच नीट राहिला. मला हा क्रम पटला.

उद्या दुसरी गाडी बघाल तर एक लक्षात ठेवा, बंद करायची सोय सगळीकडे सारखी नसते. बीएमडब्ल्यूच्या २०१४ च्या पिढीतल्या मॅन्युअल एम-३, एम-४ मध्ये रेव्ह मॅचिंग घालवायचं तर स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा, पूर्ण बंद करावा लागायचा. असल्या गाडीत हौसेपायी घाटात ते बंद करू नका. पायाचं कसब दाखवायला गाडीचा पदर सोडणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

घाटाचं निघालंच आहे तर त्यावर थोडं थांबतो. तुम्ही ही गाडी घेऊन चाळीसगावहून कन्नड घाट चढणार, फर्दापूरवरून अजिंठ्याचा घाट चढणार, पावसाळ्यात शहाद्याहून तोरणमाळला जाणार, हे मला न सांगताच कळलंय. उतरताना जुना नियम तोच: ज्या गिअरवर तो चढ चढलात, साधारण त्याच गिअरवर उतरा. शिरपूरच्या पुढचा बिजासन घाट ब्रेक फेल झालेल्या ट्रकांसाठी का बदनाम आहे, तर वरून वरच्या गिअरमध्ये निघायचं आणि सगळा भार ब्रेकवर टाकायचा. ब्रेक तापले की पेडल आहे पण ब्रेक नाही. तिथे खालचा गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा असतो, वेग कमी असताना. रेव्ह मॅचिंगमुळे लोकांना एक चुकीची हिंमत येते, की आता कुठल्याही वेगाला कुठलाही गिअर गुपचूप बसेल. बसेलही. पण आधी ब्रेकने वेग कमी करायचा, मग गिअर. तो क्रम बटण बदलत नाही.

आणि आता ती गोष्ट, ज्यासाठी हे एवढं लांबण लावलं. पंचविशीत असताना मी एका गिऱ्हाइकाची गाडी ट्रायलला घेतली होती. कुठली ते राहू द्या. पाचव्यावरून चौथा टाकायचा होता, वेग चांगला होता, हात जरा जास्तच डावीकडे गेला आणि लिव्हर दुसऱ्यात गेला. क्लच सोडला आणि इंजिन असं किंचाळलं की अजून कानात आहे. हेड उघडलं तर व्हॉल्व्ह वाकलेले. चार महिने पगारातून पैसे कापून घेतले माझ्या तेव्हाच्या उस्तादांनी, आणि बरोबरच केलं.

तुम्ही म्हणाल, इंजिनाला लिमिटर असतो ना? असतो. पण लिमिटर इंधन तोडतो. तुम्ही रेस जास्त दिली तर तो वाचवतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतील तर तो काय तोडणार? वरचाच हिशेब घ्या: चौथ्यात ५००० ला असताना दुसरा टाकला तर इंजिनाला १०००० वर जावं लागेल, आणि चाकं त्याला तिथे घेऊन जायला मागेपुढे बघणार नाहीत. ऑटो रेव्ह मॅचिंग ही चूक थांबवत नाही. ते तुम्ही निवडलेल्या गिअरला इंजिन जुळवायला बघतं, गिअर बरोबर की चूक हे ठरवत नाही. म्हणून नवीन गाडीत पहिला महिना एकच सवय लावा: एका वेळी एकच गिअर खाली, आणि लिव्हर मुठीत आवळून नाही, तळव्याने ढकलत. ५ वरून ४ आणताना लिव्हर सरळ मागे यावा, हाताने तो डावीकडे ढकलू नये. खाचांमधली स्प्रिंग तुम्हाला मधल्या रांगेत आपोआप आणते, तिच्याशी भांडू नका.

क्लच दुप्पट टिकतो का? नाही. थोडा जास्त टिकतो, तोही तुम्ही आधी हिसके देत असाल तरच. विचार करा: खालचा गिअर टाकताना प्लेटला फक्त इंजिनाच्या आतले फिरणारे भाग वेगात आणायचे असतात, म्हणजे क्रँक आणि फ्लायव्हील. उभ्या गाडीला हलवताना तीच प्लेट दीड टनाचा गाडा ओढते. जळून काळ्या पडलेल्या ज्या प्लेटा मी काढतो, त्या बहुतेक जळगावच्या आकाशवाणी चौकासारख्या गर्दीत पहिल्यात हाफ क्लचवर रांगत राहिलेल्या असतात, नाहीतर चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरणाऱ्यांच्या. त्यात मे महिन्यात आपलं तापमान ४५ ला टेकलेलं. डावा पाय कायम पेडलवर ठेवायची सवय असेल तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंगही लवकर बोंबलतं. त्यातलं काहीही ते बटण थांबवत नाही. मामेभावाला माझा नमस्कार सांगा.

बाहेरून बसवायचं म्हणाल तर माझ्यापुरतं उत्तर नाही असं आहे. तुमच्या गाडीचं थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असलं तरी लिव्हर कुठल्या गिअरमध्ये चाललाय ते सांगणारा सेन्सर साध्या गाड्यांत बहुधा नसतो. तो बसवा, वायरिंग कापा, कॉम्प्युटरला समजावा, आणि मग गाडी भर रस्त्यात स्वतः रेस द्यायला लागली तर जबाबदार कोण? एवढ्या पैशात तीन क्लच सेट येतील. केटीएमवाल्या मित्रांकडे बघून तुम्हाला वाटलं असेल की बाइकला असतं मग कारला का नको. त्यांच्या बाइकला स्लिपर क्लच असतो. तो इंजिनाला वर नेत नाही, चाकाकडून उलटा जोर आला की स्वतः थोडा घसरतो. हिसका कमी होतो, पण तत्त्वच वेगळं.

आता गाडी बघायला पुण्याला जाल तेव्हाचं. ट्रायल घेताना ते बटण बंद करा. पूर्ण वेळ नको, पण दहा-पंधरा मिनिटं नक्की. चालू असताना सगळं लोण्यासारखं लागतं, त्यात थकलेला क्लच आणि इंजिनाची ढिली माउंटिंग झाकली जाऊ शकतात. बंद करून तिसऱ्यावरून दुसरा टाका, क्लच जरा लवकर सोडा, आणि खालून 'ठक' असा आवाज येतो का ऐका. मग मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये साठच्या वेगाला रेस पूर्ण दाबा. काटा झपकन वर आणि वेग तिथेच, असं झालं तर प्लेट गेलेली आहे.

गिअर टाकताना खरखर येत असेल तर मात्र सावध. खूप जणांना वाटतं रेव्ह मॅचिंग असल्यावर सिंक्रो खराब होत नाहीत. क्लच दाबलेला असताना इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटलेले असतात, इंजिन कितीही नाचलं तरी आतल्या दातांना त्याची खबर नसते. ते दात जुळवायचं काम सिंक्रो रिंगच करते. सिंक्रो नसलेल्या जुन्या ट्रकांवर आमचे ड्रायव्हर काका डबल क्लच मारायचे ते याचसाठी: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असतो, म्हणून ती रेस गिअरबॉक्सपर्यंत पोचते. तुमच्या 'एस' बटणाची रेस क्लचपाशीच थांबते.

तेव्हा सकाळी इंजिन थंड असताना गाडी मागा, आधीच तापवून ठेवलेली नको. पहिल्या दोन किलोमीटरात तिसऱ्यावरून दुसरा दोन-तीनदा टाकून बघा, बटण चालू ठेवून आणि बंद करूनही. दोन्ही वेळा खरखर आली तर गिअरबॉक्स उघडायचा खर्च किमतीतून आधी वजा करा, मग मामेभावाशी बोला.